रामदासच्या दुसऱ्या वर्षीचं

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना तारखा फारशा सांगता येत नसत, वादळं मात्र पाठ असत. त्या वादळांना नावं अर्थातच नव्हती. आजी म्हणायची, ‘रामदासच्या दुसऱ्या वर्षीचं.’ यातला रामदास कोण, हे ऐकणाऱ्याला विचारावं लागत नसे. दापोलीच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. निम्मे पुरुष मुंबईत आणि बोटीशी प्रत्येक घराचा संबंध. 17 जुलै 1947 ला, आषाढी अमावास्येच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. हवामान खात्याच्या हिशेबाने ते चक्रीवादळ नव्हेच. ऐन आषाढातला खवळलेला दर्या, पावसाचं वारं आणि माणसांनी भरलेली बोट. पण आमच्याकडे पुढची कितीतरी वर्षं जन्म, लग्नं, भावाभावांतल्या वाटण्या, सगळं एक तर रामदासच्या आधीचं, नाहीतर नंतरचं.

दुसऱ्या वर्षीचं मात्र खरं चक्रीवादळ होतं. 1948 च्या नोव्हेंबरात ते मुंबईवर आलं. आजी तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत, म्हणजे गिरगावातल्या चाळीत पडदा लावून केलेल्या अर्ध्या खोलीत. माझी आत्या अकरा दिवसांची. दुसऱ्या दिवशी बारसं. पाळणा शेजाऱ्यांकडून मागून आणलेला, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातलेले. कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली होती, त्यामुळे पाऊस कुणाच्या डोक्यातच नाही. छत्र्यासुद्धा माळ्यावर गेलेल्या. संध्याकाळपासून वारं चढत गेलं. रात्री समोरच्या इमारतीवरचे पत्रे निघाले आणि रस्त्याने आपटत गेले, तो आवाज आजी शेवटपर्यंत तोंडाने काढून दाखवायची. गॅलरीतली तुळस कुंडीसकट गेली. सकाळी आजोबा पेढीवर पायी गेले, कुलूप बघून पायीच परत आले, वाटेत आडव्या पडलेल्या झाडांवरून चढून. अशात बारशाला कोण येणार? हरभऱ्यांची उसळ केली आणि ती मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून खाल्ली. पुढच्या आठवड्यात उरकू म्हणता म्हणता बारसं राहूनच गेलं. आत्याला शाळेसाठी एक नाव लागलं, ते दाखल्यावर आहे. मास्तरांनी जन्मतारीख रिवाजाप्रमाणे 1 जून टाकली. घरात ती बेबीच राहिली. आमची बेबीआत्या.

त्याच चाळीत समोरच्या खोलीत एक कच्छी कुटुंब होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बांनी त्या रात्री आजीजवळ बसून दुसऱ्याच एका वादळाची गोष्ट सांगितली. बाळंतिणीला सांगायची ती गोष्ट नव्हे, पण बांना थोपवणार कोण. 1888 चा नोव्हेंबर. ‘वैतरणा’ नावाची आगबोट मांडवीहून मुंबईला निघाली. बोटीवर विजेचे दिवे होते, ते त्या काळी नवलच, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. कप्तान हाजी कासम. सातशेच्या वर माणसं. मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुलंही त्यांत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडलेली ती बोट पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या वादळाला नाव नाही. गुजरातेत गाणी झाली ती बोटीवर आणि कप्तानावर. पुढे 2009 च्या एप्रिलात बंगालच्या उपसागरात ‘बिजली’ नावाचं वादळ उठलं. ते नाव भारताने सुचवलेलं. सुचवणाऱ्याला हाजी कासमची बोट आठवली असेल असं वाटत नाही. बांना मात्र ती नक्की आठवली असती.

गावाकडे नावाचं काम नंबरावर भागत असे. हर्णैचा एक तांडेल आजोबांच्या ओळखीचा होता. मागल्या दारी येऊन सांगायचा, ‘तात्या, तीन नंबर लागलाय.’ मग आजोबा वाळत घातलेली सुपारी पडवीत घ्यायला लावत. हा नंबर बंदरावरच्या बावट्याचा. दिवसा काठीवर काळ्या आकृत्या, रात्री तांबडे-पांढरे दिवे. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन-चार म्हणजे बंदरालाच आता जपायला हवं. पाच, सहा, सात धोक्याचे आणि आठ, नऊ, दहा मोठ्या धोक्याचे. वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने जाणार की थेट डोक्यावरून, हेही त्या नंबरात असायचं. आणि अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. तांडेलाला दहापेक्षा अकराची धास्ती जास्त. ‘दहाला निदान सांगणारा तरी कुणी असतो, तात्या.’

हवामान खात्याच्या कागदांतही आकडेच होते. बंगालच्या उपसागरातलं असेल तर ‘बीओबी’, अरबी समुद्रातलं असेल तर ‘एआरबी’, आणि पुढे त्या वर्षातला अनुक्रमांक. 1999 साली ओडिशात हजारो माणसं नेणारं महाचक्रीवादळ असं आकड्यावरच आलं आणि आकड्यावरच गेलं. त्याआधी 1970 च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानात तीन लाखांच्या आसपास माणसं मेली. त्या वादळाला आज जग ‘भोला’ म्हणतं. भोला हे त्या वादळात धुऊन निघालेल्या बेटाचं नाव.

एक नामांकित वादळ मात्र आमच्याही घरात होतं. थोरले काका शाळामास्तर, कात्रणांच्या फायली बाळगणारे. वादळाचा विषय निघाला की ते चष्मा कपाळावर सरकवून सांगत, ‘6 जून 1882. ग्रेट बॉम्बे सायक्लोन. एक लाख माणूस गेलं मुंबईत!’ पुढे तो आकडा कितीतरी पुस्तकांत आणि जगातल्या भीषण वादळांच्या याद्यांत छापलेला सापडे. अमिताव घोष मुंबई आणि चक्रीवादळ या विषयाच्या मागे लागले तेव्हा त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या अ‍ॅडम सोबेल या हवामानशास्त्रज्ञांना गाठलं. शोध घेता घेता निघालं ते असं, की 1882 च्या त्या जूनमध्ये मुंबईत असलं काही घडलंच नव्हतं. 1881 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास. त्यांतली लाख माणसं एका दिवसात मरतात आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत, सरकारी दप्तरांत अक्षर नाही, हे कसं शक्य आहे? कुणीतरी कुठेतरी लिहिलं आणि पुढच्यांनी उतरवून घेतलं. म्हणजे 1948 चं वादळ खरंखुरं येऊन आमच्या आत्याचं बारसं मोडून गेलं, त्याला नाव नाही; आणि जे आलंच नाही त्याच्या नावापुढे ‘ग्रेट’. काका हे ऐकायला राहिले नाहीत. असते तरी फाईल त्यांनी टाकून दिली नसती.

दूरच्या समुद्रांवर नावांची सवय जुनी आहे. आमच्या आज्या तिथीवरून वादळं ओळखत, तशी प्युर्तो रिकोतली माणसं संतांच्या दिवसांवरून. 13 सप्टेंबर 1876 ला आलेलं वादळ सान फेलिपे. बावन्न वर्षांनी, 1928 मध्ये, पुन्हा नेमकं 13 सप्टेंबरलाच एक आलं. ते सान फेलिपे दुसरं. नाव ठेवून मग वादळाची बातमी देण्याची तऱ्हा रूढ केली ती क्लेमंट रॅग या वल्लीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिस्बेनला क्वीन्सलँड सरकारचा हवामानतज्ज्ञ होता तो. आधी ग्रीक अक्षरं वापरली, मग पॅसिफिक बेटांवरच्या बायकांची नावं, आणि पुढे आपल्याला पैसे नाकारणाऱ्या राजकारण्यांची. सरकारी नोकरीत राहून मंत्र्याचं नाव वादळाला द्यायचं, ही हिंमत मला फार आवडते. रॅग नोकरीतून गेला आणि त्याची पद्धतही मागे पडली. 1941 मध्ये जॉर्ज स्टुअर्ट या अमेरिकी लेखकाने ‘स्टॉर्म’ नावाची कादंबरी लिहिली, तीत एक तरुण हवामानतज्ज्ञ वादळाला ‘मारिया’ म्हणतो. युद्धात पॅसिफिकवर बसलेल्या अमेरिकी सैन्यातल्या हवामानवाल्यांनी आपल्या बायकांची, मैत्रिणींची नावं वादळांना दिली. 1953 पासून अटलांटिकच्या यादीत अधिकृतपणे बायकाच. फ्लोरिडातल्या रॉक्सी बोल्टन यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, की विध्वंसाला प्रत्येक वेळी बाईचंच नाव का? अखेर 1979 मध्ये अटलांटिकच्या यादीत पुरुष आले. पहिल्याचं नाव बॉब.

अटलांटिकची रीत अशी: एकवीस-एकवीस नावांच्या सहा याद्या. यंदाची यादी सहा वर्षांनी पुन्हा येते. वादळाने फारच नासधूस केली असेल तर हंगाम संपल्यावर जागतिक हवामान संघटनेच्या त्या भागातल्या समितीची बैठक होते, आणि झळ पोहोचलेल्या देशांच्या म्हणण्यावरून ते नाव कायमचं बाद करून त्याच आद्याक्षराचं दुसरं घेतात. 2005 ची कॅटरिना गेली, तिच्या जागी कॅटिया आली. कधी वादळाचा काहीच दोष नसतो: पूर्व पॅसिफिकच्या यादीतलं ‘आयसिस’ हे नाव 2015 मध्ये काढलं, कारण तोवर ते एका दहशतवादी संघटनेचं झालं होतं. 2020 मध्ये तर अटलांटिकवर इतकी वादळं झाली की यादी संपून ग्रीक अक्षरांवर पाळी आली. ‘ईटा’ आणि ‘आयोटा’ यांनी मध्य अमेरिका झोडपून काढली, आणि समितीपुढे पेच पडला की वर्णमालेतलं अक्षर निवृत्त करायचं कसं. पुढच्या वर्षी ग्रीक अक्षरंच सोडून दिली.

हे मी बेबीआत्याला एकदा समजावून सांगत होतो. ती डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘म्हणजे पुष्कळ माणसं मारली तर नाव काढून घेतात. आणि थोडी मारली तर?’

‘थोडी मारली तर सहा वर्षांनी पुन्हा तेच नाव.’

‘ज्याचा मुलगा गेला त्याने सहा वर्षांनी ते रेडिओवर पुन्हा ऐकायचं होय?’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आपल्याकडे तसं नाही, एवढंच सांगता आलं. आपल्याकडचं नाव एकदा वापरलं की संपलं. 2000 साली मस्कतला झालेल्या बैठकीत बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्या काठच्या देशांनी नावं ठेवायचं तत्त्वतः मान्य केलं. मग आठ देशांनी प्रत्येकी आठ नावं दिली: बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका, थायलंड. चौसष्ट नावांची यादी 2004 मध्ये सुरू झाली. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरपर्यंत पोहोचला की दिल्लीचं हवामान केंद्र यादीतलं पुढचं नाव त्या वादळाला देतं. पाळी देशाच्या इंग्रजी आद्याक्षराने लागते, वादळ कुणाच्या किनाऱ्याकडे चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही. नाव छोटं हवं, इंग्रजीत आठ अक्षरांच्या आत. धर्म, राजकारण, स्त्री-पुरुष यांच्या वादात न सापडणारं. आणि उच्चार सोबत कळवलेला.

ती पहिली यादी सबंध वाचायला मजा येते. पाकिस्तानची नावं बघा: फानूस, नर्गिस, लैला, नीलम, नीलोफर, वरदा, तितली, बुलबुल. भारताची: अग्नी, आकाश, बिजली, जल, लहर, मेघ, सागर, वायू. पंचमहाभूतांतली चार यात आहेत, पृथ्वी तेवढी नाही; समुद्रातल्या कारभारात तिचं काय काम, असा विचार झाला असावा. 2008 च्या मे महिन्यात ‘नर्गिस’ म्यानमारवर गेलं तेव्हा बेबीआत्याने टीव्हीसमोर कपाळाला हात लावला होता, ‘राज कपूरची नर्गिस?’ पुढे मेलेल्यांचा आकडा लाखाच्या वर गेल्याचं आलं आणि तिने ते नाव पुन्हा काढलं नाही.

2011 च्या डिसेंबरात तर कमालच झाली. म्यानमारने सुचवलेलं एक नाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कडलूरजवळ थडकलं. इंग्रजी वाहिन्यांच्या पट्टीवर त्याचं स्पेलिंग आपल्या ठाण्याचं. लातूरच्या मामांचा मला घाबरलेला फोन: ‘अरे, ठाण्याला वादळ घुसलं म्हणे! बेबीताई एकट्याच असतात ना?’ आत्याचं सासर ठाण्याचं. बेबीताई त्या वेळी नौपाड्यातल्या भाजीवाल्याशी मटारच्या भावावरून हुज्जत घालत होत्या.

नाव ठेवणं हे जोखमीचंच काम. श्रीलंकेने आपल्या वाटणीत ‘महासेन’ दिलं होतं. 2013 च्या मे महिन्यात त्याची पाळी आली आणि श्रीलंकेतच लोक भडकले. महासेन हा त्यांचा प्राचीन राजा, मोठमोठे तलाव बांधणारा. ज्याने पाणी साठवून शेती पिकवली त्याचं नाव नासाडी करणाऱ्याला कसं चालेल? नाव मागे घेऊन ‘वियारू’ केलं. मला त्या लोकांचं म्हणणं पटतं. पण खरी अडचण पुढेच राहते. नाव ठेवताना वादळ पुढे काय करणार हे कुणालाच ठाऊक नसतं. ‘नादा’ नावाचं एक 2016 मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागण्याआधीच ढेपाळलं. ‘नर्गिस’ने म्यानमारचं इरावती खोरं उद्ध्वस्त केलं. आपल्या यादीत दोघांनाही एकच न्याय: एकदा वापर, मग रजा. कॅटरिनाचं नाव बैठक भरवून, ठराव करून काढावं लागलं, यात तिने काय केलं याची नोंद तरी झाली. आमच्याकडे ती नोंद ज्याच्या त्याच्या गावाने ठेवायची.

आणि गावं ती ठेवतात. 11 नोव्हेंबर 2009 ला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं. म्यानमारचं नाव, अर्थ कोकणात कुणालाही माहीत असण्याचं कारण नाही. पण मासेमारीचा हंगाम ऐन भरात, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बोटी समुद्रात, आणि कितीतरी खलाशी परत आले नाहीत. हर्णैच्या तांडेलाचा मुलगा आता बोट चालवतो. ‘फयान’ म्हणताना तो ‘वादळ’ हा शब्द जोडत नाही. त्याची गरजच नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ एकाच वेळी होती, तेव्हा बिनतारी संदेशात कुठलं कुठे आहे हे नावामुळेच कळत होतं, असं तोच सांगतो. दोन्ही आपल्या किनाऱ्यावर आली नाहीत, पण अवकाळी पावसाने कापणीला आलेला भात कुजवला. विधानसभेचे निकाल नुकतेच लागले होते आणि मथळ्यांत महायुती, महाआघाडी यांची दाटी; त्यात हे ‘महा’. वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

मग 2020. मे महिन्यात ‘अम्फान’ बंगालवर गेलं आणि चौसष्टावं नाव वापरून जुनी यादी संपली. नवी एप्रिलातच जाहीर झालेली: इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन धरून तेरा देश, प्रत्येकी तेरा, म्हणजे एकशे एकोणसत्तर नावं. पहिलं बांगलादेशाचं, ‘निसर्ग’. 2 जूनला वादळाला ते मिळालं आणि 3 जूनच्या दुपारी ते श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यावर चढलंसुद्धा, ताशी 110 ते 120 किलोमीटर वाऱ्याने.

बेबीआत्या मार्चमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून गावी गेली होती आणि टाळेबंदीत तिथेच अडकली होती. 3 तारखेला सकाळी तिच्याशी बोलणं झालं, त्यानंतर फोन मुका. वीज नाही, टॉवर नाही, रस्त्यावर झाडं. शेवटी मंडणगडला गेलेल्या कुणाच्या तरी फोनवरून निरोप आला: माणसं ठीक, वाडी नाही.

वाडी नाही म्हणजे काय, ते पास मिळवून गावी पोहोचल्यावर दिसलं. माड मुळासकट आडवे, त्यांच्याबरोबर आळ्याची माती उपटून आलेली. पोफळी मात्र उपटल्या नव्हत्या, कमरेत मोडल्या होत्या. एक मोडताना शेजारचीला घेऊन गेलेली, ती तिच्या शेजारचीला. खालची मिरीची, जायफळाची झाडं त्या ओझ्याखाली. एरवी भर दुपारी जिथे दिवा लावावासा वाटे तिथे उभं राहून डोळे दिपत होते. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात, माडाचंही तसंच. बहात्तरीकडे आलेल्या आत्याने हा हिशेब मला तोंडाने सांगितला नाही.

ती एका डब्यात चुना कालवून फिरत होती. मोजलेल्या प्रत्येक बुंध्यावर बोटभर चुन्याची रेघ, म्हणजे तेच झाड दोनदा मोजायला नको. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांच्याजवळ छापील नमुना होता, वर ठळक अक्षरांत ‘निसर्ग चक्रीवादळ’. त्यात क्षेत्र हेक्टरमध्ये लिहायचं. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत, आणि त्याही तीन भावांच्या सामाईक. एका गुंठ्यात माड, पोफळ, केळ, मिरी सगळं एकमेकांत. हेक्टराच्या रकान्यात बसेल असं तिथे काहीच नव्हतं. आत्या आपली वही पुढे करत होती आणि ती वही कुठल्या रकान्यात घालायची हे समोरच्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ती नमुन्याला टाचून घेतली. ‘झाडांवर भरपाई द्या’ अशी ओरड पुढे सगळ्याच किनाऱ्यावर झाली.

वर्षाच्या आत, 2021 च्या मे महिन्यात, ‘तौक्ते’. हे म्यानमारचं, उच्चार ‘ताउते’ असा कळवलेला असूनही आपण लिहिलं तसंच वाचलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं, पण बॉम्बे हायजवळ पी-305 ही तराफाबोट बुडाली आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. आजी असती तर त्या वर्षाला पी-305 चं वर्ष म्हणाली असती. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर निसर्गात येऊन रुतलेलं ‘बसरा स्टार’ हे जहाज तेव्हाही तिथेच होतं आणि पुढेही कित्येक वर्षं लोक त्याच्यापुढे फोटो काढत राहिले.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट लातूरच्या मामांकडची. समुद्रापासून इतकं लांब, त्यांचा वादळाशी संबंध काय? 2021 च्या सप्टेंबरात ‘गुलाब’ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि जमिनीवर आल्यावर ढिलं पडत पश्चिमेकडे निघालं. त्याचा उरलासुरला पट्टा मराठवाड्यावरून गेला तो धो-धो कोसळत. मांजराकाठची सोयाबीन पाण्याखाली. मग तोच पट्टा गुजरातच्या बाजूने अरबी समुद्रात उतरला, पुन्हा जोर धरला, आणि नवी पाळी कतारची असल्यामुळे ‘शाहीन’ झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओमानला जाऊन धडकला. दोन समुद्रांत दोन नावं, आणि मधे मराठवाड्यावर असताना वेग कमी म्हणून नुसता कमी दाबाचा पट्टा. मामांच्या पंचनाम्यात कारण लिहिलं होतं, ‘अतिवृष्टी’. मामा म्हणाले, ‘आमच्या वाट्याला आलं तेव्हाच नेमकं नाव काढून ठेवलं होतं होय रे त्यानं?’

यंदा गणपतीत आत्या गावी होती. वाडीत नवी पोफळ लागली आहे, गुडघ्याच्या वर आली आहे. मी तिला यादी वाचून दाखवली. ‘दितवाह’ या येमेनच्या नावाशी दोन फेऱ्या संपतात. तिसरी पुन्हा बांगलादेशापासून, ‘अर्णब’. त्यापुढे भारताचं ‘मुरासू’. मग भारताची पुढची: आग, व्योम, झर, प्रबाहो, नीर, प्रभंजन, घुर्णी, अंबुद, जलधी, वेग. ‘प्रभंजन’वर तिने मान हलवली. ‘हे बरंय, जरा भारदस्त. वादळ वाटतं.’ ‘अंबुद’ तिला पसंत नाही. आमच्या आळीत एका मुलाचं नाव अंबुद आहे, आणि त्या पोराला शाळेत जन्मभर चिडवतील, असं तिचं म्हणणं.

‘आणि शेवटचं काय म्हणालास?’

‘वेग.’

‘हे वादळाचं नाव? हे पुण्याला जाणाऱ्या लक्झरीवर लिहिलेलं असतं.’